एकाच खांबाचे आवाज

आमच्या घरात दादाचा फोटो भिंतीवर होता, पण त्याला हार नव्हता. घरी येणारा माणूस आधी फोटोकडे बघायचा, मग हार कसा नाही म्हणून जरा घुटमळायचा, मग आईच्या तोंडाकडे बघायचा आणि पाण्याचा तांब्या उचलून गप्प बसायचा. मला या सगळ्याचा भारी राग यायचा. विचारा ना एकदाचं, काय ते. पण कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर मीच त्याच्या अंगावर धावून गेले असते.

दादा माझ्याहून मोठा. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, उरलेल्या वेळात भात, नाचणी आणि म्हैस. एका श्रावणात, सुट्टीच्या दिवशी सकाळी म्हैस दावं तोडून सिद्धगडाच्या बाजूच्या रानात शिरली, म्हणून तो तिच्यामागे गेला. संध्याकाळी म्हैस परत आली. एकटी, गळ्यात दाव्याचं तुटकं टोक घेऊन. दादा आला नाही. ओढ्यांना पूर होता. गावची माणसं, पोलीस, किल्ल्यांवर हरवलेल्यांना शोधून आणणारी मुलं, सगळ्यांनी रान पिंजून काढलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही.

त्या दिवसापासून आमचं घर कान देऊन बसलेलं असायचं. आई मागच्या दाराला आतून अडसर घालायची नाही, नुसती कडी लावायची, ती बाहेरूनही निघते. टोपलीत एक भाकरी उरेल अशा बेताने थापायची. वहिनी बोलता बोलता मध्येच थांबायची आणि मान किंचित तिरकी करायची. मुंबईत माझ्या फोनवर अनोळखी नंबर वाजला की मी पहिल्याच रिंगला उचलायचे, आणि पलीकडची मुलगी क्रेडिट कार्ड हवंय का विचारायची. सगळ्यात वाईट ती म्हैस. तिन्हीसांजेला ती गोठ्याच्या तोंडाशी उभी राहायची, रानाकडे तोंड करून, कान ताठ. ती बघायला लागली की आम्ही तिघी हातातलं काम टाकून तिकडे बघायचो. तिकडे झाडं असायची.

मी दिसायला दादासारखी. तेच सरळ नाक, तीच पुढच्या दातांतली फट, डाव्या भुवईत तोच भोवरा. शाळेत मला त्याची झेरॉक्स म्हणायचे. दादा गेल्यावर आई कधीकधी माझ्याकडे बघता बघता एकदम नजर काढून घ्यायची. ते मला कळायचं आणि लागायचं.

मी मुंबईत एका संशोधन संस्थेत क्वांटम संगणकातल्या चुकांवर काम करते. गावात हे सांगायची सोय नाही. "कॉम्प्युटरच्या चुका दुरुस्त करते" म्हटलं की लोक पाण्यात पडलेले मोबाइल घेऊन येतात आणि मी हात वर केले की, एवढं शिकून काय उपयोग, अशा नजरेने बघतात. तरी इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते याच कामातून घडलं.

या संगणकात माहिती ज्यांच्यात ठेवतात त्या घटकांना क्युबिट म्हणतात. ते इतके नाजूक असतात की जरा कुठे उष्णता लागली, जरा धक्का लागला की बिघडले. म्हणून एकच गोष्ट एकाच क्युबिटवर न सोपवता पुष्कळांत वाटून ठेवतात. त्यांच्या अधेमधे काही क्युबिट नुसते पहाऱ्याला असतात. पहारेकऱ्याने "तुझ्याजवळ काय आहे" असं कुणाला सरळ विचारायचं नसतं, तसं विचारलं की जपलेली गोष्टच मोडते. त्याने फक्त विचारायचं, तुमचं एकमेकांशी जुळतंय ना? नाही जुळलं की तो इशारा देतो. अशा इशाऱ्यांवरून चूक कुठे झाली ते ताडायचं. हे सगळं एका समजुतीवर उभं आहे, की चुका सुट्या सुट्या होतात. एक बिघडला तरी बाकीचे शाबूत असतील आणि पुष्कळ जण जे सांगतील ते खरं असेल.

पण चुका नेहमी सुट्या येत नाहीत. अवकाशातून आलेला एखादा किरण चिपवर आदळतो आणि आसपासचे सगळे क्युबिट एकदम बिघडतात. कधी दोघांना चालवणारी तार एकच असते. कधी तर पहारेकरीच बिघडलेला असतो, आणि एकेकाला विचारत जाताना आपली चूक त्यांना लावत जातो. मग पुष्कळ जण मिळून खोटं सांगतात, तेही छातीठोकपणे. असे एकाच कारणाने उठलेले इशारे हुडकायचे आणि त्यांना एकच धरायचं, हे माझं काम. मी ते वर्षानुवर्षं करत आले आणि घरच्या गोष्टीला ते लावून बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्या पौषात मी रजा टाकून गावी आले ती वहिनीच्या फोनमुळे. वहिनी कधी स्वतःहून फोन करत नाही. त्या दिवशी केला आणि म्हणाली, "वन्सं, तुमी या. माझं काय ते एकदा ठरवा."

तिला डोळखांबच्या बाजूला एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळत होतं. राहायला खोली होती. रोज जाऊन येऊन करण्यासारखं ते नव्हतं. तिला जायचं होतं आणि आई सोडत नव्हती. "उद्या तो आला आन बायको घरात नाय," आई म्हणायची, "मंग त्याला काय सांगू?" दोघींचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्या भांडत नव्हत्या. एकीने भाजी चिरायची, दुसरीने फोडणी घालायची, आणि घरात त्या प्रश्नाने पाय पसरून बसायचं.

मी आल्यावर दोनेक दिवसांनी शेजारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वहिनी नको म्हणत होती, मीच तिला ओढून नेलं. शेजारची सून तबक घेऊन एकेकीसमोर वाकत होती. वहिनीसमोर आली, हळद लावली, कुंकवाचं बोट पुढे केलं आणि मध्येच थांबली. तिने इकडेतिकडे बघितलं. कुणी काही सांगेना. तेवढ्या वेळात सगळ्या बायका बोलायच्या थांबल्या. मग ती घाईघाईने कुंकू न लावता माझ्याकडे वळली आणि माझ्या कपाळावर जरा जास्तच मोठं कुंकू लावलं. वहिनी हसत होती. वाण घेतलं, तिळाचा लाडू खाल्ला, सगळ्यांची विचारपूस केली. घरी येऊन तिने तोंड धुतलं ते कितीतरी वेळ धूतच राहिली. मला ते बघवेना.

यावर उपाय होता. वाट बघायची म्हणून भटजींनी सांगितलेली मुदत केव्हाच उलटली होती. हरवलेला माणूस परत येत नाही असं घराने मानलं की पळसाच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. भटजी त्याला पालाशविधी म्हणायचे, गावात नुसतं "पुतळा करायचा" म्हणतात. मग सुतक, दिवस, सगळं रीतसर. त्यानंतर वहिनी विधवा झाली असती. हे काही सुख नव्हे. पण ती निदान काहीतरी झाली असती, आणि तिच्यासमोर कुणाचं बोट अडलं नसतं.

आई मात्र अडून बसली होती, आणि तिच्याजवळ कारण होतं. दादाला तीन माणसांनी बघितलं होतं. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत, एकेका साली एकेकाने. एक आमच्याच गावचा, दूध गोळा करणारा. दुसरा मुरबाड-शहापूर रस्त्यावर जीप चालवणारा. तिसरा डोळखांबकडचा बैलांचा दलाल. "तीन गावची तीन मानसं," आई म्हणायची, "येकमेकांला वळखत पन नायत. तिघं खोटं बोलतील गो?"

यावर मला कधी उत्तर सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते सुचायला नको होतं. मुंबईत रात्री दिवा मालवताना मीसुद्धा त्या तिघांना मनात ओळीने उभं करायचे. एकाला भास होईल, दोघांना होईल, तिघांना कसा होईल? आणि मग मला झोप लागायची.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेची गोष्ट. आई चुलीपाशी होती, वहिनी मागच्या दाराजवळ तांदूळ पाखडत होती, मी पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून रेंजच्या नावाने बोटं मोडत होते. एकाएकी भिंतीवरचा दादाचा फोटो हलला. टक टक, टक टक. वारा नव्हता. मी उठून मधल्या खोलीत आले तर तिकडून आई आली, हाताला पीठ तसंच. "मांडणीवरची भांडी वाजली," ती म्हणाली. तेवढ्यात वहिनी आली. "कडी वाजली," ती म्हणाली. "मागली. कुनीतरी हालवली."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. आई अगदी हळू, जपून म्हणाली, "आला."

मला त्या क्षणी खात्री होती. हे आज लिहिताना हसू येत नाही. तीन खोल्यांत तिघींना वेगवेगळे आवाज आले होते, आणि मी धावत जाऊन मागचं दार उघडलं तेव्हा मी दादाला हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं होतं.

बाहेर कुणी नव्हतं. गोठ्यात म्हैस खांबाला मान घासत होती. आमच्या घराचा पुढचा भाग सिमेंटचा आहे, मागचा जुना, लाकडी. गोठ्याचा तो खांब मागच्या तुळईला आधार देतो. तुळईवर माडी, माडीच्या खाली मांडणी, तुळईच्या एका टोकाला मागच्या दाराची चौकट, दुसऱ्या टोकाला जिथे जुनं आणि नवं बांधकाम भेटतं तिथे दादाचा फोटो. म्हशीने पुन्हा मान घासली. आतून भांडी किणकिणली, माझ्या पाठीशी कडी खुळखुळली, आणि लांबून, पुढच्या खोलीतून, टक टक आलं. मी खांबाला हात लावला. तो थरथरत होता.

आई मागे येऊन उभी होती. "म्हस हाय," ती म्हणाली आणि आत गेली. एक भाकरी तिने त्या दिवशीही जास्तच थापली.

मी मात्र तिथेच उभी राहिले. आवाज तीन होते आणि खांब एक होता. मला हसू आलं, आणि ते मध्येच थांबलं. कारण माझ्या मनात जत्रेतली ती तीन माणसं उभी राहिली होती, आणि आता मला त्यांच्या पायाखालचं लाकूड बघायचं होतं.

आमच्या कामात विचारण्याच्या क्रमाला फार महत्त्व असतं. पहारेकऱ्याने शेजाऱ्यांना कुठल्या क्रमाने विचारावं, यावर त्याची चूक कुठवर पसरेल ते ठरतं. म्हणून मी दादापासून सुरुवात करायचीच नाही असं ठरवलं. दूधवाला सकाळी कॅन लावत होता. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "त्या साली जत्रेत आई तुम्हाला भेटली होती का?"

"भेटली ना," तो म्हणाला. "सकाळच्यालाच भेटली. फोटू दावला तिनं. मंग सांजच्याला तो मला दिसला, बैलबाजाराच्या अंगाला. निळा चौकड्यांचा शर्ट. फोटूतला."

जीपवाला मुरबाडच्या स्टँडवर भेटला. तो घाईत होता, आणि मी काही विचारायच्या आत त्यानेच सांगून टाकलं. "तुमची आई दरसाल फोटो दाखवते ना, म्हणून तर मी वळखला. नायतर मला काय म्हाईत? चौकड्यांचा शर्ट, निळा. गर्दीत गेला, हाक मारली तर वळला नाय."

डोळखांबला गेले ती त्याच्याच जीपने. बैलांच्या दलालाचं घर एका पाड्याच्या टोकाला होतं. माणूस वयस्कर आणि सरळ. त्याने मला ओटीवर बसवलं, काळा चहा दिला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "पाठमोरा व्हता," तो म्हणाला. "तोंड नाय दिसलं. खोटं कशाला बोलू? पन शर्ट तोच."

"तोच म्हणजे कुठला?"

"तुझ्या आईनं दावलेला." मग तो त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखा म्हणाला, "काय व्हतं पोरी, येकदा का तो फोटू बघितला, की मंग साऱ्या जत्रंत तोच दिसाया लागतो. समद्यांच्या पाठी तशाच."

कुणीही खोटं बोललं नव्हतं. आई जत्रेत एकेकाला विचारत गेली आणि विचारता विचारता दादाला त्यांच्या डोळ्यांत ठेवून गेली. मग तो त्यांना दिसला. परतीच्या वाटेवर मी जीपमध्ये खिडकीशी बसले होते, आणि शहापूर फाट्यापर्यंत मला स्वतःला चौकड्यांचे शर्ट दिसत होते. एक दुकानाच्या पायरीवर, एक मोटारसायकलवर, एक रस्त्याच्या कडेने पाठमोरा चालत. प्रत्येक वेळी मी मान वळवून तोंड बघत होते. आता कळलंय ना सगळं, मग कशाला बघतेस, असं स्वतःवर खेकसतसुद्धा होते. तरी बघत होते.

घरी आल्यावर चुलीपुढे बसून मी दोघींना सगळं सांगितलं. म्हशीचा खांब, फोटो, तिघांचा एकच शर्ट. मला वाटलं होतं आई चिडेल, निदान तुझं शिक्षण चुलीत घाल असं काहीतरी म्हणेल. ती निखारे सारखे करत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?" मी विचारलं.

"मी इचारते म्हनून तो दिसतो. न कळायला मी काय येडी हाय? पन मी नाय इचारलं तर तो कुनालाच नाय दिसायचा गो."

चूल धुमसत होती. मग वहिनी उठली, आत गेली, आणि तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात शर्ट होता. निळा, चौकड्यांचा. फोटोतला.

"हा त्यांनी त्या दिवशी घातलाच नव्हता," ती म्हणाली. "जुनी बनियन आन वरून पलास्टिकचा कागद घेऊन गेले. शोधायला गेलेल्या मानसांना मी तवाच सांगितलं व्हतं. आई, तुमी त्या दिवशी मामांकडं व्हता. तुमाला कुनी सांगितलंच नाय. शर्ट माझ्यापाशीच हाय, धुतला पन नाय अजून."

म्हणजे कुणी येऊन चौकड्यांचा शर्ट म्हटलं की वहिनीला त्याच घडीला कळायचं, की तो दादा नाही. दरसाल जत्रेनंतर घरात आनंद व्हायचा, आई गूळ वाटायची, मी मुंबईहून फोनवर पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावायचे, आणि ती पेटी तिच्या खाटेखाली असायची.

आईने शर्ट हातात घेतला. "तुला ठावं व्हतं तर बोलली का नाय?"

"तुमी वाट बघत व्हता. तुमच्यासाठी गप ऱ्हायले."

"आन मी तुझ्यासाठी इचारत फिरत व्हते," आई म्हणाली. "तुझ्या कपाळासाठी."

मग त्या दोघी रडल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना एकत्र रडताना पहिल्यांदाच बघितलं. मीही रडले, पण मला राग पण आला होता. दोघींवर नाही. इतकी वर्षं दोघी एकमेकींना टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण दुसरीला धरलंय, याचा राग आला होता. आणि त्या दोघींकडे बघून आशा धरणारी तिसरी मी. घरात तीन माणसं वाट बघताहेत म्हणजे त्यात काहीतरी असेलच, असं मला वाटायचं.

पुतळा माघात केला. पळसाचे देठ चुलतभावांनी आणले, भटजींनी बांधून घेतले. नारळ ठेवला. पुतळ्यावर पांढरं कापड घालायचं असतं, पण वहिनीने तो शर्ट पुढे केला आणि भटजी काही बोलले नाहीत. वहिनी बटणं लावत होती, खालून वर. आई बाजूला बसून बघत होती. शेवटच्या बटणापाशी तिने वहिनीचा हात धरला.

"वरचं ऱ्हाऊंदे," ती म्हणाली. "त्याला गळ्याशी घट्ट सोसत नाय."

आमच्या मोठ्या चुलतभावाने अग्नी दिला. पळस वाळलेला होता, लगेच पेटला.

दिवसकार्य झालं आणि फोटोला हार आला. वहिनी डोळखांबला गेली. सुरुवातीला मला वाटायचं, आपण तिला काय दिलं, तर कोरं कपाळ. पण ती पहिल्यांदा सुट्टीला घरी आली तेव्हा जेवून जी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. मध्ये म्हशीने दोनदा खांब हलवला, कडी वाजली, भांडी वाजली. तिने कूससुद्धा बदलली नाही. आईने मागच्या दाराला अडसर घालायला सुरुवात केली. ती आता मोजक्या भाकऱ्या थापते. म्हैस अजून तिन्हीसांजेला रानाकडे बघते, पण आम्ही तिच्या नजरेमागे जायचं सोडलं.

म्हणजे मला वाटलं की सोडलं.

पुढच्या पौषात पुन्हा म्हशाची जत्रा आली. आई जायचं म्हणाली. मी जरा घाबरूनच तिच्याबरोबर गेले. पण तिच्या पिशवीत फोटो नव्हता, मी बघून घेतलं. वहिनीला डोळखांबची थंडी सोसत नव्हती, तिच्यासाठी घोंगडी घ्यायची होती, एवढंच काम. आई बैलबाजारातून सरळ चालत गेली. ओळखीचा एक जण समोर आला आणि फोटोची वाट बघत असल्यासारखा तिच्यापुढे उभा राहिला. आईने त्याला बैलांचे भाव विचारले आणि ती पुढे निघाली.

घाटावरून आलेले घोंगडीवाले एका ओळीने बसले होते. आई एकाच्या पुढ्यात बसून घोंगड्या उलगडायला लागली, मी दोन ढिगारे सोडून पलीकडे गेले. तिथे एक म्हातारा बसला होता. डोक्याला मफलर, हातात विझलेली बिडी. तो इथे नवखा दिसत होता. आईने त्याला कधी विचारलं नसणार, हे माझ्या मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं आलं.

मी विचारणार नव्हते. पण कुणाच्या डोळ्यांत आधी काहीच ठेवलेलं नसेल, तर? एकदा तरी नीट विचारायला नको का? मी क्रम लावला. फोटो नाही. शर्ट नाही. दादा, भाऊ, हरवला, यातला एकही शब्द नाही. आधी लोकरीचं बोलले. मग थंडीचं. मग अगदी सहज म्हणाले, "बाबा, इतकी माणसं येतात, कुणी लक्षात राहतं का हो?"

म्हाताऱ्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. भुवईकडे बघितलं, नाकाकडे बघितलं, आणि बिडी कानावर खोचत म्हणाला, "ऱ्हातंय की. तुमच्यासारकाच एक जन बगितलाय मी. गडीमानूस. तुमचा भाऊ हाय का त्यो?"

माझ्या छातीत आनंद उसळला. कुठे, कधी, असं विचारायला मी पुढे वाकले, आणि वाकल्यावर त्याच्यामागच्या दुकानात टांगलेल्या आरशात मला मी दिसले. सरळ नाक. दातांतली फट. मी तोंडाने काहीच सांगितलं नव्हतं. ते तोंडच मी त्याच्यासमोर धरलं होतं.

म्हातारा माझ्या उत्तराची वाट बघत होता. मागून आई आली, हातात एक काळी घोंगडी. तिने किती ऐकलं होतं मला माहीत नाही. तिने म्हाताऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि यावेळी नजर काढून घेतली नाही. घोंगडीची घडी मोडली, माझ्या डोक्यावरून घातली, आणि दोन्ही बाजूंनी पुढे ओढून माझ्या नाकापर्यंत आणली.

"थंडी हाय गो," ती म्हणाली. "तोंड झाकून घे."

मग माझा हात धरून तिने मला जत्रेतून बाहेर आणलं.